गणपत ढोक यांचं पान

शर्मिला ढोक नेमकं काय काम करते, हे जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या तिच्या गल्लीत कोणालाच नीट माहीत नव्हतं. "कम्प्युटरवर काहीतरी करते, राइट टाउनला जाते," एवढं शेजारच्या बायका सांगायच्या. वय एकेचाळीस, लग्न दोनदा जुळता जुळता राहिलेलं, सकाळी साडेनऊला स्कूटी काढायची आणि सातच्या आत घरी यायची. यापलीकडे चौकशी करावी असं कोणाला वाटलंही नव्हतं. तिचं काम खरोखर समजलं होतं ते एकाच माणसाला, तिच्या बापाला.

काम असं होतं. राइट टाउनात एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पाच टेबलांचं ऑफिस होतं. शहरातले कोचिंगवाले, लग्नाच्या हॉलचे मालक, जवळच्या पाटनचे बियाणेवाले तिथे तक्रार घेऊन यायचे, की वेबसाइट तर बनवली, पण गूगलवर शोधलं तर दिसतच नाही. शर्मिला ती वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये उघडायची, माउसचं उजवं बटण दाबायची आणि यादीतलं अगदी खालचं 'इन्स्पेक्ट' निवडायची. पडद्याच्या अर्ध्या भागात पानामागचा सगळा कोड उघडा पडायचा. मग एकेक ओळ वाचत ती खाली उतरायची. पानाला धड शीर्षक आहे का, फोटोंना नावं आहेत की नुसते आकडे, मोबाइलवर पान उघडायला किती वेळ लागतो, गूगलचं यंत्र येऊन ते वाचून जाऊ शकतं की कुठे त्याची वाट अडली आहे. पाटनच्या एका बियाणेवाल्याच्या बावीस पानांचं शीर्षक नुसतं 'होम' असं होतं. शर्मिलाने त्याला विचारलं, "भैया, तुमच्या दुकानात शेतकरी येतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतो?" तो जे बोलला ते तिने शीर्षकात घातलं. मटाराच्या हंगामात त्या माणसाचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही.

हेच तिचं कसब होतं. अनोळखी माणूस गरज पडली की कोणते शब्द टाइप करेल, हे तिला बसल्या जागी सुचायचं. ऑफिसमधली ऋचा तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. ती म्हणायची, "दीदी, तुला लोकांच्या डोक्यातलं ऐकू येतं काय?"

तिचे वडील गणपतराव तोफांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. टोकन नंबर एकवीसशे शहाऐंशी. सुटे भाग समोर यायचे, त्यांना मापाचं गेज लावायचं, केसभर फरक निघाला तरी लाल खडूने रेघ मारून बाजूला टाकायचं. एका संध्याकाळी शर्मिलाने लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांना आपलं काम दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, यादीतला इंग्रजी शब्द बोट ठेवून वाचला आणि एकदम खूश होऊन बायकोला हाक मारली, "शकु, ऐकलं काय? पोरगी माह्याच खात्यात हाये!" तेव्हापासून ती घरी आली की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "आज किती रिजेक्ट?" आणि तीही बूट काढता काढता आकडा सांगायची.

निवृत्तीनंतर अकरा-बारा वर्षांनी त्यांची आठवण पातळ व्हायला लागली. आधी वस्तूंची नावं गेली. मग गल्लीतल्या लोकांची. मग एके दिवशी शर्मिलाला "बाई, तुम्ही कोणाकडं आल्या?" असं विचारून त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. आठवणी वरून खाली जात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुनं शेवटपर्यंत राहील. खरंच तसं झालं. टोकन नंबर राहिला. अचलपूरकडचं खैरी हे लहानपणीचं गाव राहिलं. तिथली बिनकाठाची विहीर, काळी गाय आणि 'गणू' ही आईची हाक, हे सगळं राहिलं. कोणी नाव विचारलं तर ते गणपत सांगत नसत, गणू सांगत.

ते गेले तो फेब्रुवारीतला रविवार होता. शकुबाई भाजी आणायला बाहेर पडल्या होत्या. शर्मिला पुढच्या खोलीत एका हॉलवाल्याचा रिपोर्ट संपवत होती. गणपतराव तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"गाडी किती वाजता हाये?"

असं ते दिवसातून चारदा विचारायचे. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "वेळ आहे अजून, बाबा. बसा."

पंधरा मिनिटांनी शकुबाई आल्या आणि त्यांनी दारातूनच विचारलं, "हे कुठं गेले?"

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मायलेकींनी शहर पालथं घातलं. स्टेशन, बसस्टँड, नर्मदेवरचा ग्वारीघाट, दोन्ही मोठे दवाखाने, कारखान्याचं फाटक. पोलिसात तक्रार दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी शर्मिला घरी लॅपटॉप उघडून बसली आणि तिने बापासाठी पान बनवायला घेतलं.

एवढ्या वर्षांत ती जे काही शिकली होती, ते सगळं तिने त्या पानात ओतलं. हरवलेल्या माणसाच्या बाकीच्या पत्रकांत असतं तसं नाव, वय, उंची तिने लिहिलंच, पण त्यावर ती थांबली नाही. कुठल्यातरी गावात कोणीतरी बाबांना चहा देईल आणि विचारेल, बाबा, कुठले तुम्ही? बाबा जे सांगतील तेच तो माणूस फोनमध्ये टाकेल. म्हणून तिने बाबा जे बोलतात ते लिहिलं. स्वतःला गणू म्हणतात. टोकन नंबर २१८६ सांगतात. खैरी गाव, बिनकाठाची विहीर, काळी गाय. 'कांचघर' म्हणतात, तो जबलपूरमधला मोहल्ला आहे. 'गाडी किती वाजता आहे' असं विचारतात. सगळं मराठीत आणि परत हिंदीत. फोटोलाही तिने नाव दिलं. असं चोख पान तिने कोणा गिऱ्हाइकालाही कधी करून दिलं नव्हतं.

पान तयार होत होतं तेव्हा शकुबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर नवऱ्याचा फोटो आणि त्यावर 'बेपत्ता' हा मोठा शब्द.

"सगळ्या दुनियेले दिसन काय हे?"

"हो, आई. त्यासाठीच."

"नको वो. गल्लीतल्या बाया घरबसल्या वाचतीन. कारखान्यातले लोक वाचतीन. संध्याकाळपावतर येतीन ते. अन् मग जन्मभर त्यायच्या नावासमोर हेच लिहून राहीन, हरवला म्हणून. काहून नाव खराब करतं त्यायचं?"

शर्मिलालाही आतून तेच वाटत होतं. केसभर चूक खपवून न घेणारा माणूस. तो उद्या परत आला, आणि कोणी त्याचं नाव शोधलं तर पहिलं हेच यावं? तिने मधला मार्ग काढला. सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यात खूण केली की पान असतं, लिंक पाठवली तर उघडतं, पण गूगल त्याला आपल्या यादीत घेत नाही. नवी वेबसाइट बनत असताना अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून ती खूण करतात. शर्मिलाने ती खूण केली. एक-दोन दिवसांत बाबा नाही आले तर काढू, असं मनात म्हणाली आणि लिंक नातेवाइकांना, कारखान्यातल्या लोकांना, ओळखीच्या सगळ्या गटांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली.

आणि ती खूण काढायची ती विसरली.

कशी विसरली, याचं उत्तर तिला पुढे कधी देता आलं नाही. त्या आठवड्यात कटनीहून फोन आला, तिकडे पळाली. दमोहहून आला, तिकडे गेली. दोन्हीकडे दुसरेच म्हातारे निघाले. पान उघडणाऱ्यांचा आकडा रोज वाढत होता, कारण लोक लिंक पुढे पाठवत होते. तो आकडा बघून पान काम करतंय असंच तिला वाटत राहिलं. गूगलवर बाबांचं नाव टाकून बघायची तिची छाती झाली नाही. तिला पान उघडायचं असलं की ब्राउझरमध्ये पहिली दोन अक्षरं टाकायची, आणि ब्राउझर स्वतःच पूर्ण पत्ता पुढे करायचा.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शर्मिला ऑफिसला जायला लागली. दर रविवारी ती स्टेशनवर जाऊन फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायची आणि परत यायची. शकुबाईंनी ताटं तीनच वाढणं चालू ठेवलं होतं. त्याबद्दल दोघी बोलत नसत.

दसऱ्याला आठवडा होऊन गेला होता. ऑफिसमध्ये सगळ्यांच्या ब्राउझरवर एक नवं छोटं साधन बसवलं होतं. कोपऱ्यात एक ठिपका दिसायचा. उघडलेलं पान गूगलसाठी मोकळं असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. शर्मिलाने सकाळपासून तीन-चार गिऱ्हाइकांची पानं त्याने तपासली होती. दुपारच्या डब्यानंतर तिला आठवलं की आईचा मोबाइल नंबर बदलला आहे आणि बाबांच्या पानावर जुनाच आहे. तिने पान उघडलं.

ठिपका लाल होता.

तिला आधी वाटलं साधन चुकतंय. तिने पान पुन्हा उघडलं. मग उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' केलं, कोडाच्या डोक्याकडे गेली. तिथे ती एक ओळ होती. दिवसातून दहा वेळा लोकांच्या पानांत ती हीच ओळ शोधायची, आणि सापडली की रिपोर्टमध्ये सगळ्यात वर लाल अक्षरांत लिहायची. यंत्राला सांगणारी ओळ, की हे पान यादीत घेऊ नको. मग तिने एक गोष्ट केली जी आठ महिन्यांत केली नव्हती. गूगलवर 'टोकन नंबर २१८६ गणू' असं टाकलं. रेल्वेची टोकनं आली, बँकेची आली, कुठल्या तरी देवस्थानाच्या दर्शनाची आली. बाबा नव्हते.

ऋचाने मान वळवून पाहिलं. "दीदी? काय झालं?"

शर्मिलाने फक्त पडद्याकडे बोट दाखवलं. ऋचाने ती ओळ वाचली, पानावरचा फोटो बघितला आणि आपली खुर्ची सरकवून तिच्या खुर्चीला लावली. शर्मिलाने सेटिंग उघडून खूण काढली. एक क्लिक, बस्स. मग आईचा नवा नंबर घातला, पुन्हा कोड तपासला, ठिपका हिरवा झालेला पाहिला, गूगलला पान वाचून जाण्याची विनंती पाठवली. हात सवयीने चालत होते. ते झाल्यावर ती जिन्यात जाऊन बसली. खाली दाताच्या दवाखान्यातली माणसं गाल धरून येत-जात होती. कोणाला तिचं रडणं विचित्र वाटलं नाही.

घरी तिने काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पान गूगलवर दिसायला लागलं. त्या रात्री ती निवांत झोपली. झालं ते झालं, आता तरी बाबा सापडतील, असं तिला वाटायला लागलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत तिने त्यांचे बूटसुद्धा पॉलिश करून ठेवले.

धनत्रयोदशीच्या सकाळी फोन आला. बाईचा आवाज होता, मराठी पण बैतूलकडच्या वळणाचं.

"शर्मिलाबाई बोलून राहिल्या काय? मी अनसूया. इकडं बैतूलजवळ निराधार म्हाताऱ्या लोकांचा आश्रम आहे, तिथं मी काम करते. तुमचं पान पाहिलं मी काल. ते... गणूबाबा."

"आहेत का तिथे? आहेत का?" शर्मिला उभी राहिली.

पलीकडून अनसूयाबाईंनी विचारलं, "ताई, कोणी आहे काय तुमच्याजवळ? बसून घ्या तुम्ही जरा."

गणपतराव चौदा सप्टेंबरला गेले होते. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, चार दिवस होते. ओळख लागावी म्हणून आश्रमाने नियमाप्रमाणे वाट पाहिली, मग दहन केलं. अस्थी तापीत सोडल्या. शर्मिलाने खूण काढली त्याच्या पाच आठवडे आधी ते गेले होते.

शकुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून लेकीचा चेहरा बघत होत्या. शर्मिलाने फोन ठेवला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिथेच उंबरठ्यावर बसल्या.

भाऊबीज झाल्यावर दोघी इटारसीला गाडी बदलून बैतूलला गेल्या. आश्रम गावाबाहेर होता, बसक्या लांब इमारतीचा, पुढे तुरीचं शेत. अनसूयाबाई पन्नाशीच्या, केसांची घट्ट वेणी, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी दोघींना गणपतरावांची खाट दाखवली. तिच्यावर आता दुसरे एक म्हातारे झोपले होते. खाटेजवळच्या खिडकीतून शेत दिसायचं.

"इथं बसून राहत होते दिवसभर," अनसूयाबाई म्हणाल्या. "खैरीत आलो म्हणत. तुरीचं शेत पाहून वाटलं असन त्यायले. लई शांत होते, आई. कोणाले त्रास नाही. जेवताना वाटी उलटी करून बुड पाहत, अन् म्हणत, पास."

शकुबाईंच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला आणि मग त्या रडायला लागल्या. दिवाळीचे चार दिवस त्या रडल्या नव्हत्या.

अनसूयाबाईंनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. आश्रमात येणाऱ्या प्रत्येक माणसाचं एक पान. बोलण्यातून घरचा माग लागेल म्हणून माणूस जे बोलेल ते त्या लिहून ठेवत. शर्मिलाने ते पान वाचलं. 'नाव गणू. टोकन २१८६. खैरी. विहिरीला काठ नाही. काळी गाय. घर कांचेचं आहे म्हणतात. गाडी किती वाजता.' शब्दाला शब्द तेच होते. फक्त कांचघर हा मोहल्ला आहे हे अनसूयाबाईंना माहीत नव्हतं, त्यांनी काचेचं घर समजून लिहिलं होतं. खाली निळ्या पेनने तीन तारखा होत्या. मार्च, जून, ऑगस्ट.

"ह्या काय तारखा?" शर्मिलाने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"मी शोधलं होतं न मोबाइलवर. हेच शब्द टाकून. तीनदा शोधलं, ताई, काहीच आलं नाही. ठाण्यातही नोंद होती, पण आमच्या कागदावर गणू, तुमच्या कागदावर गणपत, दोन्ही कागदांची गाठ पडली नाही. मग परवा दिवाळीसाठी कपाट आवरून राहिली होती, हे रजिस्टर हाती आलं. म्हटलं अजून एकदा पाहू. अन् पहिलंच तुमचं पान! फोटोसकट! मले विश्वासच बसला नाही. आधी काहून नसन आलं, काय माहीत."

शर्मिला गप्प राहू शकली असती. अनसूयाबाईंना काही माहीत नव्हतं आणि आईला तर हे कधीच कळलं नसतं. खिडकीबाहेर कोणीतरी बादलीने झाडांना पाणी घालत होतं. ती ते बघत राहिली आणि मग म्हणाली, "माझ्यामुळे नाही आलं."

तिने सगळं सांगितलं. खूण केली ते, विसरली ते, लाल ठिपका. सांगताना ती आईकडे बघत नव्हती. "मी रोज लोकांची हीच चूक शोधते. हेच माझं काम आहे. मार्चमध्ये तुम्ही शोधलं तेव्हा बाबा पहिल्याच नंबरला दिसले असते. आम्ही दुसऱ्या दिवशी येऊन त्यांना घेऊन गेलो असतो."

अनसूयाबाईंनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं, आणि पाणी आणते म्हणून आत गेल्या.

शकुबाई म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं तुले. नाव खराब होईन म्हणून."

"तू म्हटलं, पण ती खूण काढायची मला होती, आई."

"तू काढली असती. मी म्हटलं नसतं तर तू लावलीच नसती."

एकीने दुसरीला 'जाऊ दे' म्हणावं अशी ती वेळ होती. दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही. अनसूयाबाईंनी दिलेली पिशवी शकुबाईंनी मांडीवर घेतली. आत चष्मा, एक स्वेटर आणि आश्रमाने दिलेली पितळी वाटी होती. परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. इटारसीला चहा आला तेव्हा त्यांनी एक कप घेऊन शर्मिलाच्या हातात दिला. बोलल्या मात्र नाहीत. तो अबोला पुढे सतरा दिवस टिकला. लागेल तेवढं बोलायच्या, मीठ दे, पाणी आलं, दार लाव. अठराव्या दिवशी त्यांनी आपणहून शर्मिलाच्या डोक्याला तेल लावलं, लहानपणी लावायच्या तसं, रगडून.

शर्मिलाने ते पान काढून टाकायचं ठरवलं होतं. पण ते उघडलं की हात थांबायचा, आणि ती तसंच बंद करायची. तेवढ्यात दुसरंच एक दुखणं सुरू झालं. पान आता फार नीट दिसायला लागलं होतं. 'जबलपूर' आणि 'हरवलेले' असं काही टाकलं तरी ते वर यायचं. लोक वाचायचे आणि फोन करायचे. सागरहून एका रिक्षावाल्याने केला, नरसिंहपूरहून एका शिक्षकाने. सगळे चांगली माणसं. "दीदी, आपके पिताजी को हमने देखा है." शर्मिला आभार मानायची, सांगायची की ते आता नाहीत, आणि समोरचा माणूस ओशाळून माफी मागायचा.

पानावर नंबर आईचाही होता. डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी शकुबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या, तेव्हा त्यांचा फोन वाजला. शर्मिला आत होती. तिला आईचं बोलणं ऐकू येत होतं, तुटक हिंदीत.

"हाँ. हाँ, हम ही. कहाँ? दमोह में?... बसस्टँड पर... अच्छा. कल देखा?"

शर्मिला दारापर्यंत आली. आईला मध्येच थांबवावं असं तिला वाटलं, पण पाऊल पुढे पडलं नाही. शकुबाई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभ्या होत्या. नवरा गेला हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी कुंकू लावणं सोडलं होतं, तेरावा केला होता. तरी त्यांनी हळूच विचारलं, "भैया, खाना खाया था क्या उन्होंने? पूछा था आपने?"

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. शकुबाईंनी मान हलवली, जणू तो त्यांना दिसत होता. "अच्छा. चाय पिलाई. भगवान भला करे आपका." आणि फोन ठेवला.

मागे शर्मिला उभी आहे हे त्यांना कळलं. "मले माहीत हाये, शमू," त्या वळून न बघता म्हणाल्या. "ते नाहीत, माहीत हाये मले. कोणीतरी दुसरे असतीन. त्यायले चहा तर भेटला."

त्याच दुपारी दोघी लॅपटॉप समोर घेऊन बसल्या. पान काढायचं नाही, असं शकुबाई म्हणाल्या. माणूस गेला तर गेला असं लिहायचं, पण फोटो राहू द्यायचा. काय लिहायचं ते त्या सांगत गेल्या आणि शर्मिला टाइप करत गेली. गणपत ढोक, राहणार कांचघर, अमुक तारखेला बैतूलजवळ वारले. आश्रमातल्या लोकांनी त्यांना नीट सांभाळलं. ज्यांनी ज्यांनी शोधलं, फोन केले, त्या सगळ्यांना नमस्कार.

"अजून काही?" शर्मिलाने विचारलं.

शकुबाईंनी विचार केला. "लिही, छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनले होते. लोकायले कळू दे, कोण होते ते."

तिने तेही लिहिलं. 'बेपत्ता' हा शब्द काढला. शीर्षकात फक्त नाव ठेवलं. मग शकुबाईंना स्वयंपाकाची आठवण झाली आणि त्या उठून गेल्या. शर्मिलाने पान जतन केलं, उजवं बटण दाबलं आणि कोडाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक ओळ वाचायची, थांबायची, मागे जाऊन तीच पुन्हा वाचायची. चार मिनिटांच्या कामाला तिला तासभर लागला. आतून आईने दोनदा जेवायला हाक मारली. दोन्ही वेळा ती "आले" म्हणाली आणि वाचतच राहिली.